गोटीराम नावाचा टोन

द्वारका, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

सोमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहितोय. फोन करता आला असता, तुझा नंबर आता माझ्याकडे आहे. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास तर दुसऱ्यांदा लावायची हिंमत माझ्यात नाही. कागद तू फाडशील, पण फाडताफाडता एखादी ओळ वाचलीच जाते.

नंबर आणि वापीचा पत्ता पूजाने दिला. तिला रागावू नकोस. मंगळवारी दुपारी ती दुकानात आली. मी एका कीबोर्डच्या पट्ट्या उपसून खालची रबरं पुसत बसलो होतो, मान वर न करताच म्हटलं, "रिपेअरिंग असेल तर पंधरा दिवस." ती म्हणाली, "रिपेअरिंग नाही. वर्कस्टेशन बघायचंय. बाहेरचा आवाज आत घेता येतो तसलं." मग कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या कीबोर्डकडे बोट करून म्हणाली, "ही म्हातारी ना?"

त्या मशीनला म्हातारी म्हणणारी माणसं जगात चार. त्यातला एक मी. चष्मा लावून नीट पाहिलं तर समोर तुझंच कपाळ. आपल्या कार्यक्रमात स्पीकरच्या खोक्यावर बसून पाय हलवायची तीच ही पोर. आता इथे हॉस्टेलला राहून बी.एस्सी. करते, कॉलेजच्या ग्रुपमध्ये वाजवते, आणि तुला यातलं काहीच सांगितलेलं नाही म्हणे. बापाने कीबोर्ड सोडला आणि मुलीने लपूनछपून धरला.

तर तुला विचारायचं ते हे, की तिला कुठला देऊ? दुकानात सध्या दोन आहेत. सवयीने त्यांनाही नावं पडलीत.

एक नवरी. एकसष्ट पट्ट्या, टच स्क्रीन, पांढरीशुभ्र. आत हजारावर आवाज भरूनच येतात. ढोलकी, संबळ, सनई, जे म्हणशील ते. डाव्या हाताने एक सूर धरला की मागे आख्खी पार्टी वाजायला लागते. हळदीला दुसरं काही लागत नाही. फक्त तिची व्हायोलिनं मला आवडत नाहीत. सगळी एकदम हसतात, फोटोवाल्याने सांगितल्यावर हसावं तशी.

दुसरी मास्तरीण. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पियानोसारख्या जड. हिच्यात तयार आवाज कमी, पण जे आहेत ते सच्चे. पट्टी दाबल्यावर अजून थोडा जोर दिला की सूर थरथरतो. सोळा ट्रॅक एकावर एक चढवून गाणं आतच बांधता येतं, आणि माईक लावून बाहेरचा आवाज घेऊन त्याचा टोन करता येतो. वजन तेवीस किलो. पूजा स्वतः पंचेचाळीसची असेल.

राहिली म्हातारी. ती विकायची नाही. तिला चालू केली की डिस्कवरून टोन भरायला अजूनही चार मिनिटं लागतात. आठवतं? मी बटण दाबायचो आणि तू चहा सांगायला पळायचास. एकावेळी बासष्ट सूर धरते, त्रेसष्टावा दाबला की पहिला गुपचूप सोडून देते. पण तिच्या बासरीसारखी बासरी मी पुन्हा ऐकली नाही.

पूजाला खरं तर कीबोर्डपेक्षा 'गोटीराम' टोन हवाय, तिच्या आजोबांच्या पावरीचा. आजीला ऐकवायचाय म्हणते. तो टोन सध्या जरा नीट लागत नाहीये. बघतो.

कुठला देऊ ते कळव. एवढंच कळवलंस तरी चालेल.

शौकतचाचा


द्वारका, नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

सोमा,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, असं लिहिणार होतो. पण खोटं लिहायचा कंटाळा आलाय. रोज पोस्टमन येताना दिसला की मी हातातला सोल्डर बाजूला ठेवतो.

पूजा पुन्हा येऊन गेली. चंद्रभागाभाभींचा एक कान पूर्ण गेलाय आणि दुसराही चाललाय, हे मला तिच्याकडून कळलं. डॉक्टर म्हणाले, मशीन लावून बोलणं कळेल, पण बारीक आवाज परत येणार नाहीत. तेव्हा भाभी नातीला म्हणाल्या, "दुसरा कान जायच्या आत त्याची पावरी एकदा ऐकव. शौकतकडं डब्यात हाय ती."

त्या दिवसाचं मला अजून सगळं दिसतं. दोन हजार तीनचा मे महिना. तुझे वडील डोळे दाखवायला नाशकात आले होते आणि पंच्यात गुंडाळून पावरी सोबत आणली होती, भोपळ्याची आणि बांबूची. मीच हट्ट धरला. द्वारकेचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून आपण शटर ओढून आतून गाद्या लावल्या. गोटीरामदादा घामाने निथळत होते. म्हणाले, "एवढ्याशा डब्यात मला कोंबतो का रं?" मी पाच सूर घेतले. तोंडातली हवा संपत आली की ते नाकाने श्वास ओढायचे आणि सूर मात्र तुटायचा नाही. अर्धा तास वाजवलं तरी मध्ये फट नाही.

मी त्यांना समजावलं, दादा, मशीनपण असंच करते. सुराचा एक तुकडा घेते आणि त्याचं शेवटचं टोक पहिल्याला जोडून फिरवत राहते, म्हणून बोट ठेवलं तोवर सूर चालू. ते म्हणाले, "म्हंजे मशीन बी दम तोडत नाय. पण ती नाकानं कुठं घेते?"

नाकाचा तो सूं आवाज मला कापता आला नव्हता. तुकडा फिरला की तोही फिरून यायचा. मला ती चूक वाटायची. तू म्हणालास, चाचा, तेवढं राहू दे, त्याच्यामुळेच बाबा आहेत असं वाटतं. वरच्या पट्ट्या दाबल्या की सूर चढायचा आणि श्वासही घाईने यायचा, तेव्हा तू म्हणायचास, आता बाबा डोंगर चढत वाजवतायत. दादा गेल्यावर आठ वर्षं तू त्या टोनवर हळदी वाजवल्यास आणि भाभी प्रत्येक वेळी पुढे येऊन बसायच्या.

आता मी काय केलं ते ऐक. परवा पूजाला मी नवरीतली पावरी वाजवून दाखवली. तिने मान हलवली, हे नाही. मग मास्तरणीत, मालेगावला टोन बनवून विकणाऱ्या अल्तमशकडून आणलेली पावरी भरून वाजवली. ही चांगली आहे, अल्तमशने मेहनत घेतलीय. मी म्हटलं, "हाच बघ तुझा आजोबा."

तिने फोनवर रेकॉर्ड केलं आणि तिथूनच आजीला लावून ऐकवलं. स्पीकरवर भाभींचा आवाज आला, "कोन हाय हा? हा श्वासच घेत नाय."

अर्धा कान शिल्लक असलेल्या बाईने दीड सेकंदात ओळखलं. पूजा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, म्हातारीची डिस्क बिघडलीय, दुरुस्त झाली की खरा टोन देतो.

डिस्क बिघडलेली नाही, सोमा. गेल्या पत्रात 'नीट लागत नाहीये' लिहिलं तेही खरं नाही. बाकीचं लिहायला आज हात चालत नाहीये.

शौकतचाचा


द्वारका, नाशिक
३ डिसेंबर २०२५

सोमा,

आज एका दमात लिहितो.

टोन माझ्या हातून पुसला गेला. दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात, तुझ्या चुलतबहिणीच्या हळदीच्या चार दिवस आधी. मला एक नवी फ्लॉपी फॉरमॅट करायची होती. यादीत वर फ्लॉपी, खाली आतली डिस्क. चष्मा शर्टाच्या खिशात होता. कारण तुला माहीत आहे, शौकतला मशीनवर चष्मा लागत नाही, शौकत बोटांनी बघतो. मशीनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. फ्लॉपीला वेळ लागतो त्याच्यापेक्षा जास्त लागायला लागला तेव्हा खिशातून चष्मा काढला.

दुसरी प्रत नव्हती. ती का नव्हती हेही तुला माहीत आहे. एक टोन, एक मशीन. हा माझाच कायदा. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या पार्टीची पोरं येऊन टोन उतरवून नेतात म्हणून मी फ्लॉपीच्या फटीवर काळी चिकटपट्टी लावायचो. चोराला काही मिळू नये म्हणून घरातसुद्धा प्रत ठेवली नाही. चोर आलाच नाही. मीच घर धुऊन काढलं.

त्याच वेळी तुला सांगितलं असतं तर? तू रडला असतास, मीही रडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण कामाला लागलो असतो. पण वीस वर्षं मी उस्ताद म्हणून मिरवत होतो. मी कुठलीतरी पावरी आणली, म्हातारीत भरली आणि स्क्रीनवर तिचं नाव लिहिलं 'गोटीराम'.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी माझ्या तोंडाने कधी बोललेलो नाही. दुपारचे चार वाजले होते. भाभी पुढे बसल्या होत्या, हात हळदीने पिवळे. तू पहिला सूर दाबलास आणि हात वर घेतलेस. मला विचारलंस, "चाचा, हे कोण आहे?" हळूच विचारलंस. तुझ्या जागी मी असतो तर ओरडलो असतो.

आणि मी म्हणालो, "मला काय विचारतोस? बापाचा टोन मालेगाववाल्यांना कुणी विकला ते आधी सांग!"

माझ्या हातात माईक होता आणि तो चालू होता. सगळ्या पाड्याने ऐकलं. भाभींनी ऐकलं. तू मान खाली घातलीस आणि एक शब्द बोलला नाहीस. आणि अल्ला माफ करो, तू गप्प बसलास म्हणून मला बरं वाटलं. हायसं वाटलं मला, सोमा. सहा वर्षं मला झोपू देत नाही ते हे. टोन पुसला ती चूक होती. हायसं वाटलं ती चूक नव्हती.

त्यानंतर पाड्यावर लोक तुला काय म्हणायचे ते पूजाने सांगितलं. बापाचा आवाज विकणारा. म्हणून तू वापी गाठलीस, धाग्याच्या कंपनीत लागलास आणि सणालाही येत नाहीस. मी इकडे लोकांना सांगत होतो, सोमाला पगाराची नोकरी मिळाली, बरं झालं.

बेगमला मी काल सगळं सांगितलं. तुझ्या चाचीची जीभ तुला माहीत आहे. तिने ताट वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. आपल्याच घरात आहेत हे माहीत नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पत्रात लिहून काय उपयोग? बोललात कुठे, आणि परत घेताय कुठे?"

ती बरोबर आहे. जे माईकवर बोललो ते पाकिटात घालून परत घेता येत नाही.

शौकतचाचा


द्वारका, नाशिक
१५ डिसेंबर २०२५

सोमा,

काल तुमच्या पाड्यावर जाऊन आलो. पूजा सोबत होती. एक माईक, बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर आणि मी. हरसूलच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "चाचा, कुठं कार्यक्रम आहे का?" म्हटलं, हो, माझाच आहे.

हरसूलला उतरलो तेव्हा आठवडे बाजार भरलेला. तुमच्या पाड्यातली निम्मी माणसं तिथेच भेटली. "कीबोर्ड कुठंय?" म्हणायला लागली. मी म्हटलं, आज नुसतं बोलायचंय, दुपारी घरी या. मला वाटलं कोण येणार. पण माझ्यासारखा बडबड्या नुसता काय बोलणार, या उत्सुकतेनेच माणसं जमली असावीत.

तुमच्या ओट्यावर उभा राहिलो. भाभींना पूजाने पुढे आणून चांगल्या कानाच्या बाजूने बसवलं. स्पीकर मी त्या बाजूला वळवला. तोंडपाठ करून गेलो होतो, पण माईक चालू केल्यावर सगळं विसरलो. जे बोललो ते असं, "सहा वर्षांपूर्वी हळदीत मी सोमाला चोर म्हटलं. तो चोर नाही. गोटीरामदादांचा आवाज माझ्या हातून गेला. मी घाबरलो आणि आळ त्याच्यावर टाकला. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांनी आता हेही ऐका आणि इथून पुढे हेच सांगा."

मागे एक म्हातारा होता, भिमाजी नाव म्हणे, दादांसोबत नाचायला जायचा. तो म्हणाला, "आरं पण आमी त्याला सा वर्षं बोललो ना रं." आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन बसला.

मी भाभींकडे बघितलं. वाटलं होतं त्या मला शिव्या देतील. त्यासाठी तर गेलो होतो. भाभी म्हणाल्या, "आता तो भोंगा बंद कर. भाकर थंड व्हते."

नागलीची भाकर आणि उडदाचं वरण. मी नुसते तुकडे मोडत होतो आणि त्या वाढत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "भाभी, पावरी गेली. माझ्याकडे नाही. दुसऱ्या कुणाकडेही नाही. तुम्हाला ऐकवायला माझ्याजवळ काहीच नाही."

त्या म्हणाल्या, "नाय तं नाय. तो मानूसच नाय, त्याचा आवाज घेऊन काय करू? माझं पोरगं जित्तं हाय ना? ते आण माझं."

सोमा, मी टोन आणू शकत नाही आणि तुलाही उचलून आणू शकत नाही. मी फक्त लिहू शकतो, ते लिहिलं. माझ्यासाठी येऊ नकोस. मला माफ न करताही आईच्या ओट्यावर बसता येतं. तिचा दुसरा कान अजून आहे तोवर ये. तू बोलतोस ते तिला तुझ्याच आवाजात ऐकू येईल, मशीनमधून नाही.

शौकत

ता. क. पूजाला मास्तरीण दिली. वाटेत तिने विचारलं होतं, "चाचा, आजीचा आवाज घेता येईल का हिच्यात?" मी म्हटलं, घेता येईल, पण आधी नियम शीक. प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या घरांत. शौकतचा नवा कायदा.


द्वारका, नाशिक
४ जानेवारी २०२६

सोमा,

पार्सल आलं.

बेगमला आधी वाटलं कुणीतरी साबण पाठवलाय. साबणाचा डबा, त्याला रबरबँड, आत तीन फ्लॉप्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आणि वहीचं अर्धं पान. ते मी इतक्यांदा वाचलंय की आता पाठ झालंय. "चाचा, तुम्ही बोललात ते सगळंच खोटं नव्हतं. विकला नाही. पण तुम्हाला न विचारता उतरवून घेतला होता, रेकॉर्डिंग केलं त्याच आठवड्यात. तुम्हाला कळलं म्हणून बोललात असं वाटलं. म्हणून मान वर झाली नाही."

म्हणजे मी हवेत काठी फिरवली आणि ती नेमकी तुझ्या डोक्यात बसली. मी खोटा होतो म्हणून सहा वर्षं गप्प आणि तू खरा असूनही गप्प. बाहेर काढावं तर चोरी सिद्ध होणार, म्हणून बापाचा आवाज साबणाच्या डब्यात घालून बसलास. आणि वाजवायचा तरी कशावर? नवरीला फ्लॉपीची फट नाही, मास्तरणीला नाही. एवढे सगळे आवाज, एवढी सगळी बटणं, आणि बावीस वर्षांपूर्वीची चकती वाचेल असं मशीन एकच. चादरीखालचं.

पूजाला फोन केला. ती कॉलेज सोडून आली. मी म्हातारी उघडली, फ्लॉपी वाचणारं आतलं डोकं स्पिरिटने पुसलं आणि चष्मा लावला. हो, लावला. पहिली फ्लॉपी घातली. कुरकुर करत भरली. दुसरी भरली. मग पूजाने पट्टीवर बोट ठेवलं.

तो आला, सोमा. सूर, आणि मग नाकाचा सूं. आणि फिरून पुन्हा सूर. पूजा बोट काढायलाच तयार नव्हती. मी खुर्चीवर बसून रडलो आणि पोरीने मला पाणी दिलं. तिला आठवत नाहीत आजोबा, ते गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. ती वरच्या पट्टीवर गेली आणि म्हणाली, "चाचा, इथे ते धावतायत." तुझ्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या फ्लॉपीवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'कचरा (ठेवणे)'. मला आधी कळेना. मग आठवलं. रेकॉर्डिंगमधून सूर कापून घेतल्यावर उरलेले तुकडे मी एका जागी टाकले होते आणि त्या फाइलला नाव दिलं होतं 'कचरा'. मी ती पुसायला सांगितली होती. तू पुसली नाहीस.

ती फ्लॉपी वाचली जाईना. तीनदा डोकं पुसलं. चौथ्यांदा घेतली. वीस-पंचवीस सेकंदांचं आहे. आधी गादी सरकवल्याचा आवाज. मग एक माणूस बोलतो, मोठ्या ऐटीत, "दादा, आता काळजी सोडा. ही पावरी आता कुठं जात नाही. शौकतचा शब्द आहे." माझाच आवाज. चाळिशीतला, चष्मा न लागणारा.

आणि गोटीरामदादा हसतात. घसा साफ करतात आणि म्हणतात, "गेली तं गेली रं. डबा फुटंल, मशीन मोडंल. वाजवनारं पोरगं हाय ना."

हे ते मला त्याच दिवशी सांगून गेले होते. मी कचऱ्यात टाकलं होतं.

तू हे कधी ऐकलं नसशील, कारण तू तेव्हा दुकानात नव्हतास. कुठे होतास तेही त्याच फ्लॉपीवर आहे. शटर वाजतं, कपांचा आवाज येतो आणि बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा म्हणतो, "चाचा, चहा." तिथे ती संपते.

पूजा आत्ताच घेऊन पळायला निघाली होती, पाड्यावर. आजीला फोन लावला, ओरडून ओरडून सांगितलं, सापडला, सापडला. भाभी म्हणाल्या, "कोन वाजवनार हाय?" पूजा म्हणाली, मी. भाभी म्हणाल्या, "तू नंतर वाजव. आधी त्याला येऊं दे."

तीन प्रती केल्यात. एक पूजाकडे, एक बेगमच्या कपाटात. तिसरी पाड्यावर ठेवायची आहे, ती तुझ्या हाताने ठेव. फ्लॉपीच्या फटीवरची काळी चिकटपट्टी मी काढून टाकलीय. तिचा डिंक अजून निघत नाहीये, ते असो.

संक्रांतीला मी म्हातारी घेऊन पाड्यावर जातोय. दुपारच्या गाडीने. जोडून, वायरी लावून ओट्यावर ठेवीन, पण बटण दाबणार नाही. तू फाट्यावर उतरलास की मिस्ड कॉल दे, मग चालू करतो. तुला तिथून चालत यायला तेवढाच वेळ लागतो. चार मिनिटं. या वेळी चहा मी सांगून ठेवतो.

तुझा
शौकतचाचा